मुचानेताचं पोट

“मुचानेता, ये बाळा,” डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा हाक मारली, आणि गुरं गोचिडांच्या औषधात बुडवून काढायच्या हौदापाशी लागलेली बायकांची रांग तोंडावर हात धरून हसायला लागली. कुत्रं झाडाच्या सावलीत पसरलं होतं, ते पसरलेलंच राहिलं.

हसायचं कारण म्हणजे आमच्या बोलीत मुचानेताचा अर्थ ‘थकाल एकदाच्या’. आमच्याकडं लेकी बोले सुने लागे, हे काम कुत्र्यावर सोपवलेलं असतं. हाक कुत्र्याला मारायची आणि ती कुंपणापलीकडच्या बाईनं ऐकायची. शेजारच्या माई मुरापेंच्या शेळ्यांनी माई ग्वेन्झींचा पालेभाजीचा वाफा फस्त केला, तेव्हा वाफ्याच्या मालकिणीनं आपल्या कुत्र्याचं हे नाव ठेवलं, आणि तेव्हापासून हे ‘थकाल एकदाच्या’ रोज कुंपणावरून जात होतं. माई मुरापेंनी मग स्वतः एक पिल्लू आणलं आणि त्याचं नाव ठेवलं तिचाओना, म्हणजे ‘बघूच’. ते बिचारं गेल्या पावसाळ्यात साप चावून गेलं. पलीकडून उत्तर येणं बंद झालं.

आज रेबीजची लस टोचायचा दिवस होता. आधीचे डॉक्टर सुई टोचून पुढच्याला बोलवायचे. या बाई मुतारे शहरातून आलेल्या, वयानं लहान, पण हिरड्या, कान, पंजांच्या बेचक्या सगळं बघणार आणि वर विचारणार, झोपतो कुठं, खातो काय, पाणी कुठलं, घरात त्याच्यावर ओरडतं कोण. स्थळ बघायला आलेले पाहुणेसुद्धा इतकं विचारत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की दुखणं जनावरात शिरायच्या आधी घरात येऊन बसलेलं असतं. ते तिथंच गाठायचं.

माई ग्वेन्झी मात्र हसत नव्हत्या. मुलं जोहान्सबर्गला, नवरा मातीआड. घरात जिवंत हालचाल म्हणजे हे एक कुत्रं. त्यांना खरंच भीती वाटत होती.

त्यांनी सगळं सांगितलं. पोट फुगलंय, चार पावलं टाकली की धाप लागते, मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला घरचा साझा निम्मा टाकून देतो, हाकेलाही येईनासा झालाय. मग रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “कुणीतरी त्याला काहीतरी चारतंय.”

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. शेवटी माई मुरापे उभ्या होत्या, टोपलीत मांजर घेऊन. त्यांनी मांजरावरचं फडकं उगाचच नीट केलं.

डॉक्टरीणबाई कुत्र्यापाशी जाऊन बसल्या. पोट चाचपलं, बरगड्या शोधल्या, त्या काही हाताला लागेनात. ओठ वर करून हिरड्या बघितल्या आणि तोंडाचा वास घेतला.

“चारतंय खरं,” त्या म्हणाल्या. “शेंगदाण्याचं कूट. आणि सुकी मासळी.”

रांग दोन पावलं पुढं सरकली.

“हा आजारी नाहीये, माई. हा दोन घरी जेवतो. पण असंच चाललं तर गुडघे जातील, मग छाती. पुढच्या वर्षी हा टेकडी चढून लस घ्यायला येणार नाही. माझ्याकडं यावर औषध नाही. जेवू घालणाऱ्या माणसानं हात आखडला, तरच हा वाचेल.”

माई मुरापेंनी टोपली खाली ठेवली. इतक्या बायकांसमोर ते बोलणं सोपं नव्हतं. गप्प राहिल्या असत्या तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं, पण कुत्रं मेलं असतं.

“मी घालते,” त्या म्हणाल्या. “दिवस मावळला की येतो. माझ्या चुलीशी बसतो.”

“माझं कुत्रं?” माई ग्वेन्झी म्हणाल्या.

“तुमचंच. हाकलायला हवं होतं. नाही हाकलवलं.” मग हलकेच म्हणाल्या, “एकटीला साझा तरी कितीसा लागतो.”

माई ग्वेन्झींच्या जिभेवर दोन वर्षांचा साठा तयार होता. तो तसाच ठेवून त्या कुत्र्याचा दोर उलगडायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी तेवढ्यात सुई भरली, पण हात पुढं करताच कुत्रं गुरगुरलं. त्याच्या नावानं हाक मारली, तर त्यानं कानसुद्धा हलवला नाही.

“तुमच्याकडं कोणत्या नावानं येतो?” त्यांनी माई मुरापेंना विचारलं.

माई मुरापे जमिनीकडं बघत राहिल्या. शेळ्या वाफ्यात शिरल्या तेव्हासुद्धा त्या इतक्या ओशाळल्या नव्हत्या.

“सांगा ना, माई. लस टोचायचीय.”

“उयाई,” त्या पुटपुटल्या.

कुत्रं उठलं. पोट सावरत, धापा टाकत गेलं आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवून आडवं झालं. डॉक्टरीणबाईंनी मागून जाऊन सुई टोचली, त्याला कळलंसुद्धा नाही.

सुईकडं मात्र कुणाचंच लक्ष नव्हतं. उयाई म्हणजे ‘या’. मोठ्या माणसाला, मानाच्या पाहुण्याला म्हणतात तसं ‘या’. कुत्र्याला असं कुणी म्हणत नाही. कितीतरी संध्याकाळी ते कुंपणापलीकडं म्हटलं जात होतं, आणि इतक्या हळू, की ऐकायला फक्त कुत्रंच जात होतं. सगळी रांग आता माई ग्वेन्झींकडं बघत होती.

माई ग्वेन्झींचे डोळे भरून आले, म्हणून त्या कुत्र्यावर खेकसल्या. दोर घेऊन त्याच्यापाशी गेल्या, गुडघ्यावर हात टेकून खाली बसल्या आणि त्याच्या गळ्यात दोर अडकवला. माई मुरापेंचे पाय तिथंच, हातभर अंतरावर होते. माई ग्वेन्झींनी मान वर केली नाही. बोलल्या त्या कुत्र्याशीच.

“डॉक्टरीणबाईंनी तुझा तिकडचा घास बंद केलाय. एवढा शिजवलेला साझा वाया कशाला घालवायचा? तिला सांग, आज मी येते.”