पायाखालची नावं

बुधरी चर्चच्या दारातच अडली. मागून येणारे प्रवासी तिला वळसा घालून आत जात होते आणि ही बाई उंबऱ्यावर खिळल्यासारखी उभी.

चूक निकेशची होती. फरशीवर कोरलेली अक्षरं बघून बुधरीने काय लिहिलंय ते विचारलं, आणि त्या भल्या माणसाने सरळ सांगून टाकलं, की ही मेलेल्या माणसांची नावं आहेत, माणसं खालीच पुरलेली आहेत. चंद्रपूरच्या ज्या संस्थेने भामरागडकडच्या बायका आणि त्यांचे मोहाचे लाडू फ्लॉरेन्सच्या खाद्यमेळ्यात आणले होते, तिथे तो नोकरीला होता. मेळा काल संपला. आज शहर बघायचं होतं. सकाळी संग्रहालयात बुधरी निमूट फिरली होती. एका उघड्या दगडी पुरुषाकडे बघून तिने सुनेला, रंजिताला, कोपरखळीही मारली होती. इथे मात्र तिचा पाय उचलेना.

"मेल्या मानसावर पाय देऊन कशी जाऊ?"

"इथी सारेच चालतेत, बाई. पाहा ना, नावंसुद्धा झिजून गेले."

"त्याइचे लोकं चालत असतीन. मी नाई."

शेवटी तिने चपला हातात घेतल्या आणि भिंतीला पाठ लावून, अक्षरं नव्हती तेवढ्या पट्टीवरून, सरकत सरकत आत गेली. दारावरचा पहारेकरी हसला. रंजिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी तीही तशीच सासूच्या मागे सरकली.

तिला आज सासूशी वाद नको होता. ती एक गोष्ट मागायला आली होती आणि उद्या परतीचं विमान होतं. तिचा नवरा कोलू तेंदूपानाच्या हंगामात जंगलात गेला, तो परत आलाच नाही. तेव्हा ती पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी होती. आता पोरगी शाळेत जायला लागली. कोलू मेला हे गावाने मनातून केव्हाच धरलं होतं. पण त्यांच्या गावात मेलेल्याच्या नावाने दगड उभा करतात, गावाबाहेर, आधीच्या पितरांच्या रांगेत. तो गोटा उभा होईपर्यंत माणूस पितरांत जात नाही आणि त्याची बायकोही मोकळी होत नाही. गोट्याला पहिला हात आईने लावायचा, असं गावच्या पुजाऱ्याने सांगितलं होतं. आई हात लावत नव्हती. एटापल्लीचा चैतू रंजिताला पोरीसकट घरी न्यायला तयार होता. पण किती वाट पाहायची, असं आता त्यानेही विचारलं होतं.

"माझा पोरगा येईन," एवढंच बुधरी दर वेळी म्हणायची. त्यापुढे कोण काय बोलणार? आईची आशा तोडायला जीभ रेटायला हवी ना. रंजिताला सासूचा राग यायचा आणि राग आला म्हणून लाजही वाटायची. दोन्ही पोटात घालून बिचारी इतकी वर्षं तिच्याच चुलीवर रांधत होती.

बाजूच्या कोनाड्यात एक संगमरवरी मूर्ती होती. आई बसलेली. तिच्या मांडीवर तरणाताठा मेलेला मुलगा, एक हात खाली लोंबत होता. निकेशने हळू आवाजात सांगितलं, की येशूला खिळे ठोकून मारलं, मग खाली उतरवलं तेव्हा आईने त्याला असा मांडीवर घेतला. समोरच्या बाकावर कोणी एक म्हातारी डोळे पुसत होती.

"बिचारी माय," निकेश म्हणाला आणि फोटो काढत पुढच्या कोनाड्याकडे गेला.

रंजिताने मनाचा हिय्या केला.

"आत्या, इथी साऱ्याइच्या नावाचा गोटा हाय. ज्याइचं नाव कोनी वाचत नाई, त्याइचाही हाय. मंग आपल्याच मानसाचा काऊन नाई? तो आता येत नाई. तुलेही समजून राह्यलं."

बुधरी मूर्तीकडे निघाली. तिचा पाय एका नावावर पडला, मग दुसऱ्यावर. तिला त्याचं भानच नव्हतं. मूर्तीसमोरच्या कठड्याला धरून ती बराच वेळ त्या लोंबत्या हाताकडे बघत राहिली.

"बिचारी काऊन म्हनते तो हिले?" ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "तू माहेरी होती तवा. जंगलात गोळ्या चालल्या, अन् दुसऱ्या दिवशी पोलिसाइनं आमाले गावातून बलावून नेलं. पाहून सांगा म्हने, हे मुडदे कोनाचे आहेत. सारे कानात सांगत होते, ज्यानं आपला म्हटला त्याच्या घरावर नक्षलीचा शिक्का बसते. सुनेले घेऊन जातीन, पोटातल्या लेकरासकट."

रंजिता कठड्याशी आली.

"आत्या, म्हंजे तुले..."

"येईन येईन म्हनत राह्यली मी. नाई तर काय म्हनू? कोन्या तोंडानं त्याच्या गोट्याले हात लावू?" बुधरीने मूर्तीवरची नजर काढली नाही. "हिनं साऱ्याइच्या देखत पोराले मांडीवर घेतलं. माझ्यापुढं त्याइनं चादर वर केली. मी म्हटलं, हा माझा नाई."