पांढरा डाग

मंठाळच्या हकिमानं राघोबाच्या दंडावरचा पांढरा डाग बघितला आणि महारोग म्हणून सांगून टाकलं. थोरल्या किशनरावानं त्याच दिवशी धाकट्या भावाचं अंथरूण शेतातल्या खोपटात नेऊन टाकलं. राघोबा तिथं राहायला गेलाही, पण त्याच्या बायकोच्या, राजूबाईच्या जिवाला थारा नव्हता.

"एकट्या हकिमानं म्हणलं की खरं व्हय? बिदरला दुसऱ्याला दावू. त्यो बी हेच म्हणला तर मी बी येते खोपटात ऱ्हायला."

तिच्या हट्टापायी किशनरावानं गाडी जुंपली. भावाला पार मागं बसवलं आणि वाटभर एकदाही वळून बघितलं नाही.

निजामाची नोकरी सोडून बिदरात बसलेल्या डॉक्टरांनी राघोबाला डोळे मिटायला लावले आणि डागावर सुई टोचली.

"आई गं!" राघोबा जागेवरून उडालाच.

डॉक्टर हसले. "महारोगात कातडीची जाणीवच जाते. सुई टोचा नाहीतर चटका द्या, माणसाला कळत नाही. हे नुसतं कोड आहे. खुशाल घरी राहा, लेकरांना जवळ घ्या."

राजूबाईला रडू आवरेना. बातमी थोरल्यांनाही कळावी म्हणून ती दाराकडं वळली. किशनराव उंबऱ्यातच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. हातातली बिडी ओढायचं विसरून तो भावाकडं एकटक बघत होता.



बिडी जळत जळत त्याच्या बोटांना टेकली होती, कातडी करपल्याचा वास सुटला होता, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.