घराची पाहणी

बोरीच्या वैजीनाथचं नवं घर दोन पावसाळ्यांतच खचायला लागलं. विटा इतक्या कच्च्या निघाल्या की नखानं खरवडलं तरी भुगा पडायचा. त्याच वीटभट्टीच्या विटांची गावातली आणखी घरंही तडकली होती, म्हणून सरकारनं मोठ्या थाटात अशा घरमालकांना मदत जाहीर केली. वैजीनाथ आणि त्याची बायको विजयमाला यांना ऊसतोडीला निघायचं होतं, आणि मागं म्हातारी आई दगडाबाई एकटी राहणार होती. निदान पाहणी उरकून जावं म्हणून दोघं थांबून राहिले.

अखेर पाहणीला सरकारी साहेब आले. गाडी त्यांनी भिंतीपासून लांब लावायला सांगितली आणि स्वतः अंगणातच उभे राहिले.

"साहेब, आत येऊन बघा की. छताला केवढी भेग पडलीय," विजयमाला म्हणाली.

साहेबांनी दाराशी येऊन मान आत घालून वर पाहिलं आणि झटकन मागं सरले. "नको, नको! अंगावर पडलं म्हणजे?"

"आमी बी त्याच भ्यानं बाहीर झोपायलोत," दगडाबाई म्हणाली. "लेकरं चालले उसाला. मी एकली हाय. कायतरी करा, साहेब."

साहेबांनी अंगणातूनच मोबाइलवर घराचा फोटो काढला आणि गाडीत जाऊन बसले. मग काच खाली करून म्हणाले,


"आजी, घर राहण्यायोग्य आहे, मदतीत बसत नाही. आणि थंडी वाढलीय, उगाच बाहेर झोपू नका, आत झोपत जा."