चिमीची शाळा सुटली

"माझी मुलगी तिच्याच शेजारी बसते हो! उद्या तिला काही झालं तर जबाबदार कोण?"

पालकसभेत सगळ्यात मोठा आवाज बँकेतल्या बाईंचा होता. शिंपी मागच्या खुर्चीत मान खाली घालून बसला होता. त्याच्या चिमीला कुणीतरी सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या औषधांच्या खिडकीपाशी पाहिलं होतं. तेवढं पुरलं. आठवड्यात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच.

वर्गशिक्षिकेनं समजावून पाहिलं. "शेजारी बसून, डबा वाटून खाऊन हा आजार होत नाही. मुलांनासुद्धा हे पाठ आहे."

"मुलांना असेल. आम्ही आईबाप आहोत," बँकेतल्या बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापकांनी हात वर केले. ऐन दहावीत चिमीची शाळा सुटली.

घरी शिंप्यानं तिला एकदाच विचारलं, "खरं आहे का गं ते?"

"मी काही वाईट केलं नाही, बाबा."

"मी काय विचारतोय?"

चिमी दप्तर उचलून आत गेली. खोदून विचारायचा त्याला धीर झाला नाही. बायको गेल्यापासून त्यानं या पोरीला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं.

गिऱ्हाइकं एकेक करून आपापलं कापड परत घेऊन गेली. माप द्यायला कुणी फिरकेना. एकदा जेवायला वाढताना शिंप्यानं तिचं ताट वेगळं मांडलं, जरा लांब. चिमी बघत राहिली.

"ताटानं नाही होत, बाबा."

"माहितीये गं मला."

पण ताट त्यानं जवळ ओढलं नाही. ती तशीच उठली. ती गेल्यावर तो मशीनवर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला.

रविवारी दुपारी मागचं दार वाजलं. तोंड झाकून बँकेतल्या बाई उभ्या होत्या. शिंप्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तो काही बोलायच्या आत त्या घरात शिरल्या आणि त्यांनी चिमीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"तू सोबत गेलीस म्हणून माझी लेक औषध आणायला तयार झाली. इतकं होऊन तिचं नाव घेतलं नाहीस. तुझे उपकार कसे फेडू गं?"

शिंप्यानं मागचं दार हळूच लावून घेतलं.

"आता एवढं एकच कर, पोरी," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "तपासणी करून घेऊ नकोस. तू निरोगी निघालीस, तर लोक दुसरी कोण ते शोधतील."