मिक्सरची जागा

सप्तापुरातल्या टीचभर घराची पुढची खोली गुरुनाथरावांनी बाहेरगावच्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायचं ठरवलं आणि ती जुन्या काळासारखी सजवायला घेतली. दुर्गदबैलाच्या बाजारातून कंदील आला, कर्ण्याचा ग्रामोफोन आला. परसातला पाटा-वरवंटा धुऊनपुसून खिडकीखाली विराजमान झाला. गेल्या दिवाळीत कुठे घरात आलेला मिक्सर मात्र त्यांनी पलंगाखाली ढकलला.

"सगळी शोभा घालवतो तो," ते बायकोला म्हणाले. "आणि हे बघ सुमंगला, पाहुणे आले की तू नऊवारी नेसून पाट्यावर रंजका वाटत बसायचं. लोकांना तेच बघायचं असतं."

रंजका म्हणजे ओल्या लाल मिरच्यांची चटणी. ती वाटून झाल्यावर रात्रभर हातांची कशी आग होते, हे सुमंगलाला कुणी सांगायला नको होतं.

"बरं," ती म्हणाली.

पुण्याचे पहिले पाहुणे आले, तेव्हा ती खरोखरच नऊवारी नेसून, नाकात नथ घालून खिडकीखाली बसली होती. पाट्यावर मात्र मिरच्यांनी भरलेला मिक्सर होता. त्याला झेंडूची माळ घातलेली. गुरुनाथरावांचा चेहरा उतरला.

"काकू, हा कुठे जुना आहे?" पाहुणी हसत म्हणाली.

"हा नवाच आहे गं. पण ह्याच्यावरून आमच्या घरात चाललेलं भांडण आमच्या लग्नाइतकं जुनं आहे."

गुरुनाथराव काहीतरी बोलले. पण तोवर तिनं बटण दाबलं होतं.