आठची मीटिंग

या, असे जवळ सरकून बसा. मागच्या आयाबायांनाही ऐकू जाऊ दे. आजच्या कीर्तनात पूर्वरंग नाही, झांजा नाहीत, थेट आख्यान. तेही एवढंसं, निरांजनातली वात जळेल तेवढ्या वेळाचं. गोष्ट अमेरिकेतल्या सनीव्हेलची, ऑगस्टातल्या एका सकाळची.

चौकातल्या सिग्नलच्या खांबाला एक पांढरी सायकल साखळीने बांधलेली होती. चाकं, सीट, हँडल, पेडलसुद्धा पांढरं. तीन आठवड्यांपूर्वी सायकलवरून ऑफिसला, आठच्या मीटिंगला जाताना अंकुर इथेच एका वळणाऱ्या गाडीखाली आला. सायकलवाला जिथे अपघातात जीव गमावतो, तिथे अशी सायकल उभी करायची तिकडे रीत आहे. अंकुरच्या टीममधल्या चैत्रालीने ती गॅरेजमध्ये बसून स्वतः रंगवली होती.

सायकलपुढे अंकुरची आई उभी होती, नागपूरच्या शरयूकाकू. उद्या त्यांचं परतीचं विमान. शेजारी चैत्राली, हातात अंकुरच्या कुत्रीची दोरी. आणि चार पावलं मागे सुमंत, अंकुरचा मॅनेजर आणि दोस्तही. तीन आठवडे तो काकूंसाठी पळत होता. तिकिटं काढली, फॉर्म भरले, अंकुरचं घर आवरलं. एक गोष्ट मात्र त्याने काकूंना सांगितली नव्हती. कुत्रीकडे तर तो बघतच नसे.

काकूंनी पदराने सीटवरची धूळ पुसली. मग वाकून चाक अंगठ्याने दाबून पाहिलं.

"हवा गेली गं यातली."

"काकू, ती चालवायची नसते," चैत्राली हळूच म्हणाली.

"असू दे. तरी भरून ठेव."

कुत्री जाऊन सायकलीच्या सावलीत उभी राहिली. अंगाचा रंग खारी बिस्किटाचा, म्हणून नावही खारी.

"हिच्याशी इंग्लिशमधे बोलावं लागते का?"

"छे हो काकू! 'सिट' म्हटलं तर नुसती टकामका बघते. अंकुर तिला सरळ म्हणायचा, 'बस ना बे!' की बसली."

'बस ना बे' ऐकलं आणि खारी खरंच बसली. काकू हसल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. ते हसू सुमंतला सोसवलं नाही.

"काकू," तो म्हणाला, "त्या दिवशी मीटिंग नव्हती."

काकू वळल्या.

"सोमवारची, सकाळी आठची. मी आदल्या संध्याकाळीच कॅन्सल केली होती. सगळ्यांना कळवू का, असं कॉम्प्युटर विचारतो. मी नाही म्हटलं. रविवार होता; म्हटलं, कशाला लोकांचे फोन वाजवायचे, सकाळी लवकर उठून मेसेज टाकू. पण सकाळी मी उशिरा उठलो. मीटिंगच नव्हती ना."

चैत्रालीने मान खाली घातली. तिला हे ठाऊक होतं. त्या दिवशी आठ वाजता मीटिंगच्या खोलीत तीही येऊन बसली होती. एकटीच. तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, सुमंतलाही नाही.

सिग्नल लाल झाला, हिरवा झाला, पुन्हा लाल झाला.

"आठच्या मीटिंगला तो निघायचा किती वाजता?" काकूंनी विचारलं.

"सातला," चैत्राली म्हणाली. "त्याच्या आधी हिला फिरवून आणायचा."

"म्हणजे सहाला उठत होता." काकू सायकलीकडे बघत होत्या. "घरी होता तेव्हा आठ वाजेपर्यंत पांघरूण सोडत नव्हता."

सुमंत तसाच उभा राहिला. त्याला वाटलं, आता त्या ओरडतील. त्यांनी ओरडावं, असंही वाटलं.

"सुमंत, माफ केलं असं म्हणायला पाहिजे मी," काकू म्हणाल्या. "जन्मभर कीर्तनात तेच ऐकत आले. मान डोलवत आले. पण आज माझ्या तोंडून ते निघत नाही, बाबा."

"नका म्हणू, काकू."

काकूंनी चैत्रालीच्या हातातून दोरी घेतली.

"चैत्रालीच्या बिल्डिंगमधे कुत्री ठेवू देत नाहीत म्हणते. तुझ्याकडे देतात?"

"देतात."

"साडेसहाला बाहेर न्यावं लागते, रोज."

"नेईन, काकू."

त्यांनी दोरी त्याच्या तळहातावर ठेवली आणि आपल्या हातांनी त्याची बोटं मिटवली. चांगली घट्ट.

"अन् एक ध्यानात ठेव. एखाद्या दिवशी नाही जमलं, तर हिला कळवता येत नाही. ही दाराशी बसूनच राहते."

सुमंतने मान हलवली. मग तो वाकला आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याने खारीच्या डोळ्यांत पाहिलं.

"चल," तो म्हणाला.

खारी हलली नाही. सायकलीखालीच बसून राहिली.

सुमंतने घसा खाकरला. पुण्याची जीभ त्याची, शब्द नीट वळेना.

"चल ना बे."

खारी उठली.

झालं आख्यान. उद्या सकाळी देवापुढे दिवा लावाल तेव्हा अंकुरचं नाव घ्याल, ते मला सांगायला नको. पण त्याच्यामागे सुमंतचंही घ्या. साडेसहाला तो दार उघडत असतो.