छत्तीस गुण, अर्धा सेकंद

गुलमंडीतल्या सत्यभामाबाईंच्या वधू-वर सूचक मंडळाच्या वेबसाइटला दोन पत्रिका जुळवायला मिनिटभर लागे. तुळशीच्या लग्नानंतर गर्दी वाढली की ती बंदच पडे. "यंदा बंद पडली तर काम पुण्याच्या कंपनीला देईन," असं बाईंनी वेबसाइट सांभाळणाऱ्या मेघाला बजावलं होतं.

मेघानं आठवडाभर वेबसाइटच्या युनिक्स सर्व्हरची झाडाझडती घेतली. न लागणाऱ्या सेवा बंद केल्या, मेमरी नीट वाटून दिली, एकावेळी किती जण जोडले जातील याची मर्यादा वाढवली. आता हजार जण एकदम आले तरी छत्तीस गुणांचा निकाल अर्ध्या सेकंदात येऊ लागला.

सोमवारी पहिला फोन कन्नड गावाहून, एका मुलीच्या घरून आला. "बाई, आमचे गुरुजी नुसतं पंचांग चाळायला अर्धा तास घेतात. तुमच्या मशीननं पोरीची पत्रिका उघडून तरी पाह्यली का?"

दुपारपर्यंत असे एकोणीस फोन झाले. "लोकांचा भरोसाच उडाला ना गं," बाई म्हणाल्या. "लावू का पुण्याला फोन?"

मेघानं सर्व्हरला हात लावला नाही. आलेला निकाल लोकांच्या फोनवर चाळीस सेकंद झाकून ठेवला आणि तेवढा वेळ 'नाडी तपासत आहोत' अशी ओळ दाखवली. तक्रारी थांबल्या.

संध्याकाळी बाईंनी तिला बोलावून घेतलं.



"काम तुझंच. फक्त पत्रिका जुळत नसली ना, तर अजून वीस सेकंद लाव. नकार इतक्या लवकर दिलेला बरा नाय दिसत."